ज्यूंची मायभूमी: भांडण नेमकं कोणाकोणात आहे?

एडविन मॉन्टेग्यू हे नाव आपल्याला शाळेतल्या इतिहासामुळे माहीत असतं. मॉन्टेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांतले मॉन्टेग्यू. २० ऑगस्ट १९१७ रोजी भारतमंत्री या नात्याने त्यांनी हिंदुस्थानाला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली. त्याच आठवड्यात त्यांनी आपल्या सहकाऱ्यांपुढे आणखी एक टिपण ठेवलं. ते आपल्या पाठ्यपुस्तकात येत नाही.

पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंसाठी ‘राष्ट्रीय घर’ उभारायला ब्रिटिश सरकारने पाठिंबा द्यावा, असा विचार तेव्हा लंडनमध्ये चालू होता. मॉन्टेग्यूंनी त्याला कडाडून विरोध केला. सरकारचं हे धोरण ज्यूद्वेष्टं आहे, असा आरोप त्यांनी टिपणाच्या मथळ्यातच केला. आणि मॉन्टेग्यू स्वतः ज्यू होते. त्यांचं म्हणणं असं: ज्यू हा धर्म आहे, राष्ट्र नव्हे. उद्या पॅलेस्टाईन हा ज्यूंचा देश ठरला, तर इंग्लंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या ज्यूला शेजारीपाजारी विचारतील, ‘तुझा देश तिकडे आहे, मग तू इथे काय करतोस?’ ही भीती हवेतली नव्हती. ज्यांच्या सहीने पुढे पाठिंब्याचं पत्र निघालं, त्या आर्थर बाल्फोर यांच्याच पंतप्रधानकीत १९०५ साली पूर्व युरोपातून येणाऱ्या ज्यू निर्वासितांना अडवणारा कायदा झाला होता.

म्हणजे एक ज्यू मंत्री विरोधात उभा, आणि बायबल वाचत लहानाचे मोठे झालेले पंतप्रधान लॉइड जॉर्ज आणि परराष्ट्रमंत्री बाल्फोर हे ख्रिस्ती मंत्री बाजूने. आपल्याकडे हा सगळा वाद ‘ज्यू विरुद्ध मुसलमान’ अशा दोन रकान्यांत बसवला जातो. ऑक्टोबर २०२३ मध्ये हमासने इस्रायलवर हल्ला केला आणि पाठोपाठ गाझातलं युद्ध पेटलं, तेव्हापासून तर मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांवरही याच दोन रकान्यांत बाजू घेतल्या जातात. वाद खरोखर पाहायचा, तर हे रकाने आधी पुसावे लागतात.

दावासुद्धा एक नाही. ‘मायभूमी’ या एकाच शब्दाखाली निदान चार दावे गुंडाळलेले आहेत: देवाने दिलेलं वचन, पूर्वजांचा इतिहास, छळातून सुटण्यासाठी आसऱ्याची गरज, आणि आंतरराष्ट्रीय कायद्याने दिलेली मान्यता. वाद घालताना प्रत्येक जण आपला सगळ्यात भक्कम दावा पुढे करतो आणि समोरच्याचा सगळ्यात लंगडा दावा खोडून काढतो. म्हणून कोणी कोणाला पटत नाही.

वचनापासून सुरुवात करू. बायबलच्या पहिल्याच पुस्तकात, उत्पत्तीमध्ये, देव अब्राहामाला सांगतो की हा देश मी तुझ्या संततीला देईन. पण अब्राहामाची संतती कोण? ज्यूंच्या मते इसहाक आणि याकोब यांच्या वंशातले ते स्वतः. मुसलमान इब्राहिमला पैगंबर मानतात आणि अरब आपली परंपरा त्याचा थोरला मुलगा इस्माईल याच्याकडे नेतात. ख्रिस्ती धर्मात संत पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात हा प्रश्न वेगळ्याच वाटेने सोडवला. त्याच्या मते अब्राहामाची खरी संतती म्हणजे ख्रिस्त, आणि ख्रिस्तावर विश्वास ठेवणारे सगळे त्या वचनाचे वारस. त्यामुळे पुढच्या चर्चने जमिनीचं वचन बऱ्याच अंशी आध्यात्मिक करून टाकलं. कुराणाच्या पाचव्या सूरेत मूसा आपल्या लोकांना म्हणतो, अल्लाहने तुमच्यासाठी लिहिलेल्या पवित्र भूमीत प्रवेश करा. हे वचन कायमचं की आज्ञापालनाच्या अटीवरचं, यावर मुसलमान भाष्यकारांत चर्चा आहे. तशी अट ज्यूंच्या स्वतःच्या ग्रंथातही आहे: आज्ञा मोडल्या तर देशोधडीला लागाल, असं बायबलमधलं ‘अनुवाद’ (Deuteronomy) हे पुस्तक बजावतं. आणि लेवीय या पुस्तकात तर देव स्पष्ट म्हणतो की जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे उपरे आहात. ग्रंथाच्या आधारावर निकाल लावायचा म्हटलं, तर तो देणारा न्यायाधीश कुठून आणायचा, हा प्रश्न उरतोच.

इतिहासाचा दावा जास्त ठोस आहे. इ.स.पू. ५८६ मध्ये बाबिलोनच्या फौजांनी जेरुसलेमचं पहिलं मंदिर पाडलं, इ.स. ७० मध्ये रोमनांनी दुसरं. १३२ ते १३५ या काळात ज्यूंनी बार कोखबाच्या नेतृत्वाखाली बंड केलं, ते हाड्रियन बादशहाने चिरडलं, ज्यूंना जेरुसलेममध्ये यायला बंदी केली आणि प्रांताचं नाव बदलून सीरिया पॅलेस्टिना ठेवलं. त्यानंतर ज्यू जगभर विखुरले असं म्हणतात. ते पूर्ण खरं नाही. गालीलमध्ये ते राहत होतेच, जेरुसलेमचा म्हणून ओळखला जाणारा तालमूद हा धर्मचर्चेचा ग्रंथ तिथेच तयार झाला. सोळाव्या शतकात साफेद या डोंगरी गावात योसेफ कारो यांनी ज्यू धर्मनियमांचा असा ग्रंथ लिहिला की सनातनी ज्यू आजही त्याच्याच आधाराने चालतात. बाहेर गेलेलेही ती भूमी विसरले नव्हते. प्रार्थना जेरुसलेमकडे तोंड करून, वल्हांडण (पासओव्हर) सणाच्या जेवणाचा शेवट ‘पुढच्या वर्षी जेरुसलेममध्ये’ म्हणून, लग्नात मंदिराच्या नाशाची आठवण म्हणून पेला फोडायचा.

पण आपल्याकडच्या जमिनीच्या भांडणांत जसं एक जण जुना फेरफार काढून दाखवतो आणि दुसरा म्हणतो की वहिवाट माझी आहे, तसंच इथे आहे. अरब शेतकरी शेकडो वर्षं ती जमीन कसत होता. गंमत अशी की त्याचे पूर्वजही बाहेरून आलेले नसावेत, असं खुद्द झायोनिस्ट, म्हणजे पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंचं घर उभारू पाहणाऱ्या, नेत्यांना वाटलं होतं. पुढे इस्रायलचे पहिले पंतप्रधान झालेले बेन-गुरियन आणि दुसरे राष्ट्राध्यक्ष झालेले बेन-झ्वी यांनी १९१८ साली एक पुस्तक लिहिलं. पॅलेस्टाईनचे मुसलमान शेतकरी म्हणजे बहुतांशी धर्म बदललेले जुने ज्यूच, असा तर्क त्यांनी त्यात मांडला. पुढे राजकारण तापलं आणि हा विचार सोयीस्करपणे मागे पडला.

याहून बोलकं पत्र आहे ते १८९९ सालचं. जेरुसलेमचे माजी महापौर युसुफ दिया अल-खालिदी यांनी ते फ्रान्सच्या मुख्य रब्बींना, म्हणजे ज्यू धर्मगुरूंना, लिहिलं. खालिदी मुसलमान, उस्मानी (ऑटोमन तुर्की) संसदेत बसलेले, अनेक भाषा जाणणारे. त्यांनी मोकळेपणाने कबूल केलं की ऐतिहासिकदृष्ट्या हा ज्यूंचा देश आहे, हे कोण नाकारेल? मग लिहिलं की आज इथे दुसरे लोक राहतात, बळाशिवाय तो मिळणार नाही. तेव्हा देवाच्या नावाने सांगतो, पॅलेस्टाईनला सुखाने राहू द्या. रब्बींनी पत्र झायोनिस्ट चळवळीचे नेते थिओडोर हर्झल यांना दाखवलं. हर्झलनी उत्तर पाठवलं: ज्यू आले तर तिथल्या लोकांची भरभराटच होईल, त्यांना घालवून द्यायचा विचार कोणाच्या मनात येईल? माझ्या मते पुढच्या शंभर वर्षांचा सगळा वाद या दोन पत्रांत आलेला आहे.

हर्झल हे व्हिएन्नातले पत्रकार. धर्म पाळणारे नव्हते. फ्रान्समध्ये कॅप्टन ड्रायफस या ज्यू अधिकाऱ्यावर देशद्रोहाचा खोटा आळ आला, रशियात १८८१ पासून ज्यू वस्त्यांवर हल्ले होत होते. या सगळ्यातून हर्झल या निष्कर्षाला आले की युरोपात ज्यू कधीच सुरक्षित राहणार नाही. त्यांचा दावा गरजेचा होता, वचनाचा नव्हता. म्हणून तर १९०३ साली ब्रिटिशांनी पूर्व आफ्रिकेतला एक भाग देऊ केला, तेव्हा हर्झलनी तो तात्पुरता आसरा म्हणून झायोनिस्ट परिषदेपुढे विचारासाठी मांडला. ‘युगांडा योजना’ म्हणून ती ओळखली जाते, प्रत्यक्षात ती जागा आजच्या केनियात येते. विशेष म्हणजे तिला सगळ्यात चिवट विरोध रशियातल्या प्रतिनिधींनी केला, म्हणजे ज्यांच्या जिवावर बेतलं होतं त्यांनीच. १९०५ साली योजना रद्द झाली. नुसतं छप्पर त्यांना नको होतं.

आणि तरीही बहुसंख्य ज्यू तेव्हा हर्झलच्या मागे नव्हते. १८९७ सालची पहिली झायोनिस्ट परिषद म्युनिकला व्हायची होती. तिथल्या ज्यूंनीच हरकत घेतली म्हणून ती स्वित्झर्लंडमधल्या बाझलला हलवावी लागली. त्याच वर्षी विल्नामध्ये ‘बुंड’ हा ज्यू कामगारांचा समाजवादी पक्ष निघाला. त्याचं म्हणणं असं की आम्ही जिथे राहतो तिथेच हक्क मिळवू. अमेरिकेतल्या सुधारकपंथी रब्बींनी १८८५ सालीच पिट्सबर्गला ठराव केला होता की आम्ही राष्ट्र नाही, धर्मसमाज आहोत आणि पॅलेस्टाईनला परतण्याची आमची अपेक्षा नाही. दुसऱ्या टोकाला कट्टर सनातनी. तालमूदमध्ये तीन शपथांचा उल्लेख आहे. ज्यूंनी जोर करून सामूहिकपणे त्या भूमीत शिरू नये, ही त्यातली एक. मसीहा येईल तेव्हाच परतायचं. साटमर पंथाचे आणि नेतुरेई कार्ता या गटाचे लोक आजही हेच मानतात. काळे कोट घातलेले दाढीवाले ज्यू इस्रायलविरोधी मोर्च्यात दिसले की आपल्याकडे लोक चक्रावतात. त्यामागे ही शपथ आहे.

पहिल्या परिषदेचं आमंत्रण कोकणच्या ज्यूंनाही गेलं होतं. बेने इस्रायल समाजाने ते नाकारलं. परतीची वेळ देवाच्या हातात आहे, अशी त्यांची भूमिका होती. अलिबाग, पेण, रोहे या पट्ट्यात शतकानुशतकं घाणा चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवतात म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणवले गेलेले, पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी आडनावं लावणारे हे लोक. त्यांना शेजाऱ्यांकडून छळ झाल्याची आठवणच नव्हती, त्यामुळे गरजेचा दावा त्यांना लागू पडत नव्हता. तरी १९४८ नंतर त्यांच्यातले बहुतेक जण इस्रायलला गेले. तिथे काय झालं, ते पुढे सांगतो.

आता पुन्हा १९१७. बाल्फोर यांचं पत्र २ नोव्हेंबरला निघालं, अवघ्या ६७ इंग्रजी शब्दांचं. त्यात ज्यूंना ‘राष्ट्रीय घर’ देऊ केलं, राज्य हा शब्द टाळला. इतर देशांतल्या ज्यूंच्या हक्कांना बाधा येणार नाही, हे कलम मॉन्टेग्यूंसारख्यांच्या आक्षेपांमुळे आलं. पण तिथल्या अरबांचा उल्लेख कसा? ‘अस्तित्वात असलेले बिगर-ज्यू समाज’. त्यांना नागरी आणि धार्मिक हक्कांची हमी दिली, राजकीय हक्कांची नाही. १९२२ च्या शिरगणतीत पॅलेस्टाईनची लोकसंख्या साडेसात लाखांवर भरली: सुमारे ५ लाख ९० हजार मुसलमान, ८४ हजार ज्यू, ७३ हजार ख्रिस्ती. दहातल्या जवळपास नऊ जणांची ओळख ‘बिगर’ या उपसर्गाने करून देणारा हा दस्तऐवज आहे. शिवाय त्याआधी युद्धात मदत मिळावी म्हणून ब्रिटिशांनी मक्केच्या शरीफ हुसेन यांना अरब स्वातंत्र्याची आशा दाखवली होती, ती वेगळीच.

हे ७३ हजार ख्रिस्ती आपल्या चर्चेत कधी येत नाहीत. झायोनिझमविरुद्ध सगळ्यात आधी लेखणी उचलणाऱ्यांत ते होते. हैफातलं ‘अल-कर्मिल’ आणि याफातलं ‘फलस्तीन’ ही दोन्ही वर्तमानपत्रं अरब ख्रिस्त्यांनी काढली. ब्रिटिश आल्यावर गावोगावी ‘मुस्लिम-ख्रिस्ती संघटना’ निघाल्या, त्यांचा विरोध अरब म्हणून होता. पुढे १९६७ साली डाव्या विचाराची सशस्त्र संघटना काढणारे जॉर्ज हबश हेही ख्रिस्तीच.

बाहेरच्या ख्रिस्ती जगाचं मात्र तळ्यातमळ्यात. १९०४ च्या जानेवारीत हर्झल पोप दहावे पायस यांना भेटले. पोपनी सांगितलं, ज्यूंनी आमच्या प्रभूला मान्य केलं नाही, म्हणून आम्ही ज्यू राष्ट्राला मान्यता देऊ शकत नाही. ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष सगळ्या ज्यूंच्या माथी मारता येत नाही, हे कॅथलिक चर्चने अधिकृतपणे म्हटलं ते १९६५ साली, आणि इस्रायलशी करार केला १९९३ च्या अखेरीस. प्रोटेस्टंटांतल्या इव्हँजेलिकल पंथांनी उलटा सूर धरला: ज्यू परतले की ख्रिस्ताच्या पुनरागमनाची वेळ जवळ येते. अमेरिकेत इस्रायलचे सर्वांत कडवे पाठीराखे आज यांच्यातच आहेत. त्यांच्यातल्या अनेकांच्या चित्रात शेवटी ज्यू ख्रिस्ताला शरण जातात. इतक्या अटीवरची मैत्री कितपत मैत्री म्हणायची, हा प्रश्न बऱ्याच ज्यूंनाही पडतो.

आणि ज्यू-मुसलमान संबंध? दोन लोकप्रिय गोष्टी सांगितल्या जातात आणि दोन्ही अर्धवट आहेत. एक म्हणजे चौदाशे वर्षांचं वैर. १०९९ मध्ये क्रुसेडर जेरुसलेममध्ये घुसले, तेव्हा त्यांनी मुसलमान आणि ज्यू दोघांचीही कत्तल केली. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना हाकललं, तेव्हा उस्मानी सुलतान दुसरा बायझीद याने त्यांना आपल्या राज्यात घेतलं. दुसरी गोष्ट, सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं आणि झायोनिझमने बिघडवलं. तेही नाही. मुस्लिम राज्यांत ज्यू हे ‘धिम्मी’ होते: संरक्षण होतं, धर्म पाळता येत होता, पण जिझिया द्यावा लागे आणि दर्जा दुय्यमच राही. १९२९ साली जेरुसलेममधल्या, ज्यूंना पवित्र असलेल्या पश्चिम भिंतीवरच्या हक्कावरून दंगल पेटली, हेब्रॉनमध्ये ६७ ज्यूंची कत्तल झाली. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारे अरबीभाषक ज्यूही त्यातून सुटले नाहीत. त्याच हेब्रॉनमध्ये काही अरब कुटुंबांनी शेजारच्या ज्यूंना घरात लपवून वाचवलं.

त्या भिंतीच्या वरचं आवार म्हणजे सगळ्या वादाची गाठ. ज्यूंसाठी ती मंदिराची टेकडी. मुसलमानांसाठी हरम अल-शरीफ, जिथे अल-अक्सा आणि ६९१-९२ मध्ये पुरा झालेला सोनेरी घुमट आहे. जेरुसलेम हा इस्लामचा पहिला किब्ला, म्हणजे नमाजाची दिशा. खिलाफत चळवळीतले मौलाना महंमद अली १९३१ साली लंडनमध्ये वारले, त्यांना याच आवाराला लागून दफन केलं. १९६७ च्या युद्धात इस्रायलने पूर्व जेरुसलेम घेतलं, पण संरक्षणमंत्री मोशे दायान यांनी आवाराचा कारभार मुस्लिम वक्फकडेच ठेवला. ज्यूंनी तिथे जावं, प्रार्थना करू नये, असं ठरलं. मुख्य रब्बींनी तर ज्यूंना आत पाऊलही टाकायला मनाई करणारी पाटी लावली, कारण मंदिराच्या गाभाऱ्याची जागा नेमकी माहीत नाही आणि ती तुडवली जाईल. अलीकडे तिथे जाऊन प्रार्थना करणाऱ्या ज्यूंची संख्या वाढली आहे आणि दर वेळी तणाव वाढतो. तिथून थोड्याच अंतरावर ख्रिस्ताच्या कबरीचं चर्च आहे. त्याच्या दाराची किल्ली शतकांपासून दोन मुसलमान घराण्यांकडे आहे, कारण आतले ख्रिस्ती पंथ एकमेकांवर विश्वास ठेवत नाहीत!

आपल्या नेत्यांतही एकमत नव्हतं. नोव्हेंबर १९३८ मध्ये गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये लिहिलं की इंग्लंड जसं इंग्रजांचं, तसं पॅलेस्टाईन अरबांचं, ज्यूंनी जर्मनीत राहून सत्याग्रह करावा. त्यावर तत्त्वज्ञ मार्टिन बुबर यांनी जेरुसलेमहून उत्तर दिलं. बुबर स्वतः ज्यू-अरब दोघांच्या समान राज्याचे पुरस्कर्ते, गांधीजींना मानणारे. नाझी छळछावणीत सत्याग्रह कोणासमोर करायचा, असा त्यांचा दुखावलेला सवाल होता. मला बुबरांचं पत्र गांधीजींच्या लेखापेक्षा वजनदार वाटतं, पुढच्या सहा वर्षांत जे घडलं ते माहीत आहे म्हणून नव्हे, तर ते दोन्ही दाव्यांना जागा देतं म्हणून. सावरकरांनी ज्यू राज्याला उघड पाठिंबा दिला. १९४७ च्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीत भारत होता. इराण आणि युगोस्लाव्हियाबरोबर त्याने फाळणीऐवजी संघराज्य सुचवलं. २९ नोव्हेंबरला फाळणीचा ठराव ३३ विरुद्ध १३ मतांनी मंजूर झाला, भारताचं मत विरोधात पडलं.

कायद्याच्या दाव्याचा आधार तो हा ठराव. त्या आधीच्या काही वर्षांत युरोपात साठ लाख ज्यू मारले गेले होते, आणि गरजेच्या दाव्याला उत्तर देणं कोणाला शक्य उरलं नव्हतं. पण किंमत मोजली ती युरोपने नव्हे. १९४८ च्या युद्धात सात लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी बेघर झाले. ते त्याला ‘नकबा’ म्हणतात. पुढच्या काही वर्षांत बगदाद, कैरो, साना इथले लाखो ज्यूही आपापली घरं सोडून निघाले. १९६७ नंतर दोन्हीकडे देव पुन्हा नकाशावर आला. जॉर्डन नदीच्या पश्चिम किनाऱ्यावर (वेस्ट बँक) वस्त्या बांधणाऱ्या ‘गुश एमुनीम’ या चळवळीने वचनाचा दावा पुढे आणला, तर १९८८ च्या हमासच्या सनदेत पॅलेस्टाईन ही इस्लामी वक्फ भूमी आहे, तिचा तुकडाही सोडता येणार नाही, असं लिहिलं गेलं. दोन्ही बाजूंचे आधीचे नेते बहुतांशी निधर्मी होते, हे आता आठवावं लागतं.

घर ज्यूंचं, असं ठरल्यावर ज्यू कोण, हे सरकारला ठरवावं लागलं. १९५० च्या कायद्याने जगातल्या प्रत्येक ज्यूला इस्रायलला येऊन राहण्याचा हक्क दिला. १९६२ मध्ये ब्रदर डॅनियल न्यायालयात उभे राहिले. जन्माने पोलंडचे ज्यू, नाझींच्या तावडीतून कित्येकांना वाचवलेले, पण लपून असताना कॅथलिक झालेले. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, या कायद्यापुरते तुम्ही ज्यू नाही. त्याच सुमाराला मुख्य रब्बींनी बेने इस्रायलांच्या लग्नांसाठी फतवा काढला: कित्येक पिढ्यांची वंशावळ तपासा, मगच लग्न लावा. पिढ्यान्‌पिढ्या शनिवार पाळलेल्या लोकांना ही गोष्ट जिव्हारी लागली. त्यांनी निदर्शनं केली, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये संसदेने ते सर्वार्थाने ज्यू आहेत असं ठासून सांगितलं, तेव्हा आदेशातला त्यांचा नावानिशी उल्लेख गेला.

ज्यू नसलेल्यांचं काय? इस्रायलचे पाचातले एक नागरिक अरब आहेत, मुसलमान, ख्रिस्ती आणि द्रुझ हा वेगळा धर्मपंथ पाळणारे. १९४८ च्या जाहीरनाम्यात धर्म-वंश न पाहता सगळ्यांना समान हक्कांचं आश्वासन आहे. २०१८ च्या ‘राष्ट्र-राज्य’ कायद्याने राष्ट्रीय स्वयंनिर्णयाचा हक्क तिथे फक्त ज्यू लोकांचा असं नोंदवलं आणि अरबीचा अधिकृत भाषेचा दर्जा काढला. तेव्हा तेल अवीवच्या रस्त्यांवर उतरलेल्यांत द्रुझ होते, ज्यांची मुलं सक्तीने इस्रायली सैन्यात जातात. त्यांच्याबरोबर हजारो ज्यूही होते. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दहा विरुद्ध एक मतांनी कायदा वैध ठरवला. विरोधात गेलेलं ते एक मत जॉर्ज कर्रा यांचं, त्या खंडपीठावरच्या एकुलत्या एक अरब न्यायमूर्तींचं.